दीड हॉर्सपॉवर

आमची ही चौदा वर्षं रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्या माणसांच्या दंडाला पट्टा बांधायचा, रक्त काढायचं, यंत्रात घालायचं आणि यंत्र देईल तो आकडा कागदावर उतरवायचा. आकडा बरा आला की लोक डॉक्टरांना दुवा देत, वाईट आला की हिच्याकडे रागाने बघत. "जरा कमी लिहा ना, घरचे काळजी करतात," अशी गळ घालणारेही निघत. हिने कधी लिहिलं नाही. पुढे लॅबच्या मालकाने वयामुळे शटर कायमचं खाली ओढलं आणि ही घरी बसली. महिन्याभरात स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर भरल्याच्या तारखेची चिठ्ठी लागली. मी ओळखलं, हिला मोजायला काहीतरी दिलं पाहिजे, नाहीतर ही मला मोजायला घेईल.

मोजायचं यंत्र माझ्याकडे होतं, ते म्हणजे डायनो.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आमचं दोघांचं मोटरसायकलींचं गॅरेज. एक इंजिन उचलताना माझ्या कमरेने कायमचा संप पुकारला, तेव्हापासून मी पुढे स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो. इंजिनं उघडण्याचं, घासण्याचं, जुळवण्याचं काम भाऊ करतो. डायनो मी एका तंत्रनिकेतनाकडून जुना घेतला होता. जमिनीत बसवलेला एक जड लोखंडी ड्रम, त्यावर गाडीचं मागचं चाक ठेवायचं, गाडी पट्ट्यांनी आवळून बांधायची आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा. चाक तो ड्रम किती झटक्यात फिरवतं यावरून संगणक ताकद काढतो आणि एक वर चढत जाणारी रेघ छापून देतो. रेघेचं सगळ्यात उंच टेंगूळ म्हणजे गाडीची हॉर्सपॉवर. आम्ही दोघे भाऊ ते यंत्र चालवायचो तेव्हा एकच गाडी सकाळी एक आकडा द्यायची आणि दुपारी दुसरा. आम्ही त्यातला मोठा गिऱ्हाइकाला सांगायचो.

ही आली आणि ते बंद झालं. प्रत्येक गाडी तीनदा मोजायची. आधी टायरची हवा ठरलेल्या दाबाला आणायची, इंजिन ठरलेलं गरम होऊ द्यायचं, पट्टे ठरलेल्या खुणेपर्यंत ओढायचे. तिन्ही कागद एकत्र टाचून गिऱ्हाइकाच्या हातात. कागदाच्या कोपऱ्यात हिच्या बारीक अक्षरात टायरची हवा, इंजिनाचं तापमान, वेळ. हिने भिंतीवर एक पाटीही लावली: "आकडा मागच्या चाकावरचा आहे." ती पाटी कुणीही वाचली नाही. गाडीच्या पुस्तकात कंपनी इंजिनावरची ताकद छापते. तिथून चाकापर्यंत येता येता गिअर, चेन आणि टायर आपापला हिस्सा खातात. हे हिने किती जणांना समजावलं असेल याची गणती नाही. ऐकून घेतल्यावर माणूस हमखास विचारायचा, "पण मग माझी ताकद गेली कुठे?"

असाच एक दातांचा डॉक्टर आमच्याकडे यायचा. हौशी शर्यतवाला. दरवर्षी डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर चढाईची शर्यत व्हायची, त्यात तो नववा-दहावा यायचा आणि दोष गाडीला द्यायचा. त्या वर्षी त्याने गाडी माझ्या भावाच्या ताब्यात दिली आणि म्हणाला, "इंजिन उघडा, काय हवं ते करा, पण आकडा वाढला पाहिजे."

काम सुरू करण्याआधी हिने गाडी मोजली. एकेचाळीस पॉइंट सहा.

डॉक्टरने कागद उलटसुलट करून बघितला. "उड्डाणपुलापलीकडच्या गॅरेजात मागच्या महिन्यात मोजली होती. पंचेचाळीस आली होती."

"त्यांचं यंत्र वेगळं, हिशेबाची रीत वेगळी," ही म्हणाली. "दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवू नका, डॉक्टर. भावजी काम करतील, मग आपण याच यंत्रावर परत मोजू. फरक किती पडला तो खरा."

"म्हणजे तुमच्या यंत्रावर गाड्या कमीच येतात."

"इथे सगळ्याच गाड्या सारख्याच पद्धतीने येतात."

डॉक्टर गेल्यावर मी काउंटरवरून म्हटलं, "त्या संगणकात एक गुणायचा आकडा असतो ना? पलीकडचा तोच वाढवून ठेवतो. आपण थोडासा वाढवला तर कुणाचं काय बिघडतं? सगळ्यांचाच वाढेल."

हिने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या मामांची साखर मी थोडीशी कमी लिहिली असती तर मामांना केवढं बरं वाटलं असतं, नाही?"

मामांचा विषय निघाला की आमच्या घरात कुणीच पुढे बोलत नाही.

भावाने इंजिनाचं हेड, त्याचा वरचा ठोकळा, काढलं. हवा-पेट्रोल आत जायच्या वाटा, म्हणजे पोर्ट, तो हाताने घासून रुंद आणि गुळगुळीत करू लागला. हे त्याचं आवडतं काम. कानात कापसाचे बोळे घालून तो बाकावर तासन्‌तास वाकलेला असायचा. मध्येच थांबून करंगळी आत घालायचा, डोळे मिटून चाचपायचा आणि परत घासायला लागायचा. वीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्या पळत्या केल्या, पण छाती पुढे काढून सांगावा असा आकडा त्याच्या वाट्याला आला नव्हता. कुणी "अर्धा हॉर्सपॉवर वाढला" म्हटलं की त्याला ते भीक घातल्यासारखं वाटायचं.

सहा आठवड्यांनी इंजिन परत जोडलं. पहिल्या दिवशी बेचाळीस पॉइंट नऊ आले. भावाने माझ्या काउंटरवर येऊन दोन वेळा कागद दाखवला. दुसऱ्या दिवशी हिने खात्रीसाठी परत मोजलं तर बेचाळीस. तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस पॉइंट एक. तीन दिवस, तीन आकडे. ही वैतागली. टायर बदलून बघितला, पट्टे सोडून परत बांधले, स्पार्क प्लग काढून पुसला.

"वहिनी, पुरे," भाऊ म्हणाला. "त्रेचाळीस एक येऊ शकतात हे दिसलं ना? तेवढं बास. दीड हॉर्सपॉवर वाढले."

"एकदा येणं आणि असणं यात फरक आहे."

"तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का?"

तो हे हसत म्हणाला. हिला ते लागलं, मला कळलं. पण तेवढ्यात त्याने डॉक्टरला फोन लावला होता आणि दीड हॉर्सपॉवरची बातमी फोनवरून पलीकडे पोचलीही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेलो तेव्हा ही खिडकीशी उभी होती. काचेवर तिने दोन कागद एकावर एक धरले होते, कामाआधीचा आणि नंतरचा. उजेडात दोन्ही रेघा दिसत होत्या.

"हे बघा," ती म्हणाली. "भावजींनी वाटा मोठ्या केल्या. मग इंजिन जोरात फिरतं तिथे ताकद वाढायला हवी आणि हळू फिरतं तिथे थोडी कमी व्हायला हवी. रेघेचा आकार बदलायला हवा. इथे आकार तोच आहे. कुणी सगळी रेघच उचलून वर ठेवल्यासारखी."

"वाढली ना पण?"

"लॅबमध्ये एखाद्या दिवशी प्रत्येकाचीच साखर जास्त यायला लागली, तर मी माणसांना आजारी धरत नव्हते. आधी यंत्र बघत होते."

मग तिने विचारलं, "तुमची गाडी चालू आहे का?"

इथे माझी एक चूक कबूल करायला हवी. माझी स्वतःची जुनी गाडी, बाजारात पिशव्या आणायला ठेवलेली, ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डायनोवर चढवायची. त्या गाडीला कुणी हात लावत नाही, म्हणून तिचा आकडा बदलायचं कारण नाही. चार वर्षं ती अकरा पॉइंट दोन देत होती. तो आकडा आला की यंत्र शाबूत आहे असं समजायचं. पण दोन महिन्यांमागे माझी क्लचची केबल तुटली, आणि पार्टचं दुकान चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीला केबल घालायला सवड मिळाली नाही. ही दर सोमवारी आठवण करायची. मी "उद्या" म्हणायचो.

त्या दुपारी मी केबल घातली. वीस मिनिटं लागली.

माझी गाडी डायनोवर चढली आणि तिने अकरा पॉइंट सहा दाखवले. परत मोजली, तरी अकरा पॉइंट सहा. कुणी बोटही न लावता माझी म्हातारी गाडी तरुण झाली होती.

मी हसलो. ही हसली नाही. खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हणजे दोन महिने," एवढंच म्हणाली.

पुढचे दीड दिवस ती यंत्राच्या मागे लागली. ड्रमचं बेअरिंग ऐकलं, वायरींचे जोड उघडून बघितले, संगणकातल्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. भाऊ येता-जाता बघत होता, विचारत नव्हता. शेवटी तिला कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला एक आकडा खटकला. इंजिनाला थंड, दाट हवा मिळाली की ते जास्त ओढतं आणि गरम हवेत दमतं. म्हणून खोलीतली हवा किती गरम आहे हे एक सेन्सर बघतो आणि हवा गरम असेल तर संगणक गाडीला त्या प्रमाणात थोडी ताकद वाढवून देतो. थंडीतला कागद आणि उन्हाळ्यातला कागद शेजारी ठेवता यावेत, एवढाच त्याचा हेतू. ती वाढ दोन महिन्यांत बरीच मोठी झाली होती. हिने ते बघितलं होतं आणि उन्हाळा लागलाय म्हणून सोडून दिलं होतं. आता तिने संगणकात आत शिरून हवेचं तापमान काढलं. अठ्ठेचाळीस. भिंतीवरचं साधं थर्मामीटर एकोणतीस दाखवत होतं.

मग ती सेन्सरची वायर हाताने धरून भिंतीच्या कडेने चालत निघाली. वायर दरवाजाच्या चौकटीवरून गेली, फिल्टरच्या खोक्यांसाठी मी बसवलेल्या नव्या रॅकच्या मागे शिरली आणि हवेच्या कंप्रेसरच्या डोक्याशेजारी एका खिळ्याला लटकत होती. कंप्रेसर चालला की तो भाग तव्यासारखा तापतो. ज्या दिवशी तो कमी चालला त्या दिवशी आकडा बेचाळीस, जास्त चालला त्या दिवशी त्रेचाळीस.

"ही वायर इथे कुणी लावली?"

काउंटरवरून मला सगळं दिसत होतं आणि सगळं आठवतही होतं. "मी," म्हटलं. "रॅक लावताना मध्ये येत होती."

"कधी?"

"झाले दोनएक महिने."

"तारीख सांगा."

रॅकच्या बिलावर तारीख मिळाली. डॉक्टरची गाडी पहिल्यांदा मोजली त्याच्या तीन दिवसांनंतरची. म्हणजे आधीचा आकडा खरा आणि नंतरचे सगळे फुगलेले. डॉक्टरच्या गाडीखेरीज आणखी तेवीस गाड्यांचे कागद त्यानंतर बाहेर गेले होते.

ही माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त वायर सोडवली, जुन्या जागी नेऊन बांधली, पाण्याची बाटली उघडून अर्धी प्यायली आणि म्हणाली, "भावजींना तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण भाऊ दारातच उभा होता.

"काय सांगायचंय?"

तिने सांगितलं. सेन्सर, कंप्रेसर, माझी गाडी, सगळं क्रमाने. आढेवेढे न घेता. भाऊ ऐकत असताना हातातलं फडकं घडी करत होता, उलगडत होता, परत घडी करत होता.

"गाडी चढवा," तो म्हणाला. "आत्ता."

डॉक्टरची गाडी चढली. एकेचाळीस पॉइंट सहा. एकेचाळीस पॉइंट पाच. एकेचाळीस पॉइंट सहा. सहा आठवड्यांच्या घासण्याने काडीइतकाही फरक पडला नव्हता.

"वीस वर्षं," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकायला आणखी वाईट वाटत होतं. "वीस वर्षं आकडा वाईट आला की यंत्र बरोबर असतं. एकदा, फक्त एकदा चांगला आला, तर यंत्र चुकलेलं."

"भावजी, काम चांगलंच केलंय तुम्ही. या इंजिनाला त्या वाटा आधीच पुरेशा होत्या, इतकंच."

"ते तुम्ही रक्त काढणाऱ्यांनी मला सांगू नका."

आणि माझ्याकडे वळून, "दादा, तुला एक खिळा दुसरीकडे ठोकता आला नाही?"

मी पक्कड घेऊन तो रिकामा खिळा उपटून टाकला.

भाऊ अकरा दिवस आमच्याशी बोलला नाही. वरच्या मजल्यावर राहतो तो; जिन्यात समोरासमोर आलो तर तो भिंतीकडे बघून उतरायचा. गॅरेजात काम असेल तर चिठ्ठी लिहून काउंटरवर ठेवायचा. डॉक्टरला मात्र त्याने स्वतः फोन केला, हे त्याचं मानलं पाहिजे. फोनवर पलीकडून काय म्हटलं गेलं माहीत नाही. भाऊ चारपाच वेळा "हो" म्हणाला आणि फोन ठेवून परत बाकाकडे गेला.

त्या अकरा दिवसांत हिने तेवीस गिऱ्हाइकांना फोन केले. मी विरोध केला. म्हटलं, कुणी विचारत नाहीये, कुणाला कळणार नाही, एकदीड हॉर्सपॉवरने कुणाचा संसार मोडत नाही. तिने यादीतला पहिला नंबर फिरवला.

मला वाटलं होतं लोक चिडतील. चिडले फक्त चार. बाकीच्यांनी जे केलं ते हिला जास्त झोंबलं. एकाने विचारलं, "कसला कागद?" एकाने सांगितलं की त्याने तो कागद चौकट करून दिवाणखान्यात लावलाय, तेव्हा आता काही सांगू नका. एक बाई म्हणाल्या, "अहो, गाडी विकलीसुद्धा मी, तो कागद दाखवूनच विकली." एका माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मॅडम, कंप्रेसर चालू ठेवला की ताकद वाढते?" ही फोन ठेवून मला म्हणाली, "सगळं सांगून झाल्यावर हे विचारतो." फुकट परत मोजून देते असं तिने प्रत्येकाला सांगितलं होतं. आले पाच. त्यातल्या तिघांनी जुनाच कागद बरा होता म्हणून नवा टेबलावर ठेवून दिला.

त्या महिन्यात डायनोवर गाड्याही कमी चढल्या. बातमी फिरली ती अशी, की आमचं यंत्र चुकतं. कुठल्या बाजूने चुकलं होतं आणि कुणी ते सांगितलं, हे बातमीत नव्हतं.

बाराव्या दिवशी ही दोन कागद घेऊन भावाच्या बाकाशी गेली. तो तिच्याकडे पाठ करून एक झडप घासत होता. तिने कागद त्याच्यासमोर पसरले.

"शिखराकडे बघू नका. इथे बघा."

रेघ वर चढता चढता मध्येच, मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास, खाली दबली होती. खड्डा पडला होता. पुढे ती सावरून परत वर गेली होती. दोन्ही कागदांवर, आधीच्या आणि नंतरच्या, खड्डा त्याच जागी होता.

"असतो तो," भाऊ म्हणाला. अकरा दिवसांनंतरचे त्याचे पहिले शब्द. "या गाड्यांना असतोच."

"शर्यतीच्या रस्त्याला वळणं किती?"

"सतरा."

"प्रत्येक वळणातून बाहेर पडताना इंजिन कितीवर असतं?"

भावाने झडप खाली ठेवली, बोट त्या खड्ड्यावर ठेवलं आणि तसाच उभा राहिला. "सायलेन्सरच्या नळीची लांबी," तो शेवटी पुटपुटला. "पेट्रोलचं मिश्रणही तिथे कोरडं पडत असेल." मग जरा चिडून, "हे दोन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"कारण तुम्ही सगळे शिखर बघत होतात, आणि तुमच्याबरोबर मीही."

पुढचे तीन आठवडे ते दोघं एकमेकांच्या जिवावर उठल्यासारखे काम करत होते. भाऊ नळी कापायचा, जोडायचा, ही मोजायची. तो म्हणायचा भरला खड्डा, ती म्हणायची अर्धा भरला. तो म्हणायचा परत मोजा, ती म्हणायची तीनदा मोजलंय. एकदा त्याने नळी जमिनीवर आपटली, मग स्वतःच वाकून तिला पोचा आला का बघितलं. हिने त्या आठवड्यांत माझ्याशी नीट बोलणं सोडलं होतं. काही विचारलं तर "थांबा हो" एवढंच. शेवटी रेघ सरळ चढली. खड्ड्याच्या जागी जवळजवळ तीन हॉर्सपॉवर वाढले होते. शिखर मात्र किंचित खाली आलं होतं, एकेचाळीस पॉइंट दोन.

डॉक्टर गाडी न्यायला आला. ही त्याला दोन्ही रेघा दाखवू लागली. त्याचे डोळे कोपऱ्यातल्या छापील आकड्यावर होते.

"आधी एकेचाळीस सहा होते," तो म्हणाला.

"हो, पण इथे बघा, वळणातून..."

"दीड वाढले म्हणालात, मग नाही वाढले म्हणालात, आणि आता पॉइंट चार कमी झाले."

"डॉक्टर, गाडी चालवून बघा," भाऊ म्हणाला. "कागद सोडा."

"कागदासाठीच तर आलो होतो तुमच्याकडे." त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि गाडी घेऊन गेला. आमच्याकडे परत आला नाही.

शर्यतीत तो दुसरा आला. आम्हाला हे वर्तमानपत्रातल्या चार ओळींवरून कळलं. भावाने त्या ओळी वाचल्या, पेपर घडी करून मला परत दिला आणि कामाला लागला. "फोन करून अभिनंदन करू का?" मी विचारलं. "कर की," तो म्हणाला. "म्हणावं, पॉइंट चार कमी होते म्हणून पहिला नंबर हुकला." मी फोन केला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझी अक्कलदाढ ठणकायला लागली. गावात दातांचे डॉक्टर काही कमी नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडा फक्त याचाच. गेलो. त्याने मला खुर्चीत आडवं केलं, सुई टोचली, जबडा बधिर झाला आणि तोंडात आरसा आणि चिमटा घालून गप्पा सुरू केल्या.

"कळलं ना, दुसरा आलो. तुमच्याकडून गाडी नेली आणि सरळ उड्डाणपुलापलीकडे गेलो. त्यांनी एअर फिल्टर बदलला आणि मोजली. शेहेचाळीस पॉइंट आठ. काय सांगू तुम्हाला, तुमच्या भावाने तीन महिने घालवले आणि त्यांनी एका फिल्टरमध्ये काम केलं."

मी घशातून काहीतरी आवाज काढला.

"दुखतंय? थोडा धीर धरा. आणि गाडी आता वळणातून अशी उचलते म्हणून सांगू. पूर्वी तिथे दम खायची, आता खातच नाही. फिल्टरचा एवढा फरक पडतो हे मला माहीत नव्हतं. निघाली दाढ. चूळ भरा."

मी चूळ भरली. ओठ लाकडाचे झाले होते, पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. मला त्याला सांगायचं होतं: नळी, पाच हजार फेऱ्या, तीन आठवडे. तोंडातून जे बाहेर आलं ते त्यालाच काय, मलाही कळलं नाही. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि दोन दिवस गरम काही पिऊ नका म्हणाला.

तसाच गॅरेजात आलो आणि बोबडं बोलत सगळं सांगितलं.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" ही म्हणाली.

"तोंडात दोन्ही हात होते त्याचे."

"चूळ भरताना नव्हते."

मग तिने वही पुढे ओढली. "वळणाचं परत सांगा. काय म्हणाला नेमकं?"

"पूर्वी दम खायची. आता खात नाही."

ती उठून मागे भावाच्या बाकाशी गेली. मी दारात उभा राहून ऐकत होतो. तिने शेहेचाळीस पॉइंट आठचं नाव काढलं नाही, फिल्टरचंही नाही. वळणाचं तेवढं सांगितलं, शब्दाला शब्द. भावाने कानातला कापूस काढला आणि म्हणाला, "परत सांगा." तिने परत सांगितलं.

"दम खात नाही म्हणाला?"

"हो."

"मग आपलं नाव घेतलं का त्याने?"

खोटं बोलणं हिला कधी जमलं नाही, आणि त्या वेळीही जमलं नाही. "नाही, भावजी. फिल्टरचं घेतलं."

भावाने कापूस परत कानात घातला आणि समोरचं हेड ओढून घेतलं. हिने भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं, वहीत आकडा लिहिला आणि पुढची गाडी ड्रमवर चढवायला मला हाक मारली. मी एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या बाजूने. माझी कमर कुरकुरली, जबड्यातला बधिरपणा उतरू लागला होता आणि दाढेची जागा ठणकत होती. बाहेर गाडीचा मालक उभा होता. पट्टे बांधून व्हायच्या आतच त्याने विचारलं, "पुस्तकात चोवीस लिहिलंय. तेवढे तरी येतील ना?"

ही पट्टा ओढता ओढता म्हणाली, "मागच्या चाकावर नाही यायचे," आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागली.